सियाचीनवरची एक रात्र : लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड यांना खाली आणताना

८ फेब्रुवारी २०१६ च्या संध्याकाळी सियाचीन हिमनदीच्या उत्तर भागात, १९,६०० फुटांवर, सुमारे २५ फूट बर्फाखालून एक माणूस जिवंत निघाला. डोळ्यांवर गुंगी होती, आपण कुठे आहोत याचं भान नव्हतं, पण शुद्ध होती. ३ फेब्रुवारीला त्या चौकीवर हिमकडा कोसळला तेव्हा दहा जण गाडले गेले होते. सहाव्या दिवशी त्यांतला हा एक जण, लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड, श्वास घेत होता.

पुढचे अडीच-तीन दिवस सारा देश दिल्लीच्या लष्करी रुग्णालयाकडे डोळे लावून बसला. 'चमत्कार' हा शब्द तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता, आणि तो चुकीचाही नव्हता. पण त्या शब्दामुळे एक गोष्ट झाकली गेली. एवढ्या उंचीवरून इतक्या अत्यवस्थ माणसाला दिल्लीच्या अतिदक्षता विभागापर्यंत जिवंत पोहोचवणं हे वैमानिकी वैद्यकाच्या दृष्टीने फार अवघड काम होतं, आणि त्या कामातला सर्वांत निर्णायक भाग हेलिकॉप्टर येण्याच्या आदल्या रात्री, बर्फावरच पार पडला. सैन्याने त्या दिवसांत काढलेल्या वैद्यकीय निवेदनांच्या आधाराने हा प्रवास टप्प्याटप्प्याने पाहू.

चौकीवर कोण होतं

चौकी १९ मद्रास बटालियनची. एक ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर आणि नऊ जवान. हनुमंतप्पा कर्नाटकातल्या धारवाड जिल्ह्यातल्या बेटदूर गावचे, ऑक्टोबर २००२ मध्ये भरती झालेले. ऑगस्ट २०१५ पासून ते सियाचीनवर होते आणि डिसेंबरपासून १९,५०० फुटांच्या वर. तिथे पारा उणे ४० पर्यंत उतरतो, वारा ताशी १०० किलोमीटरपर्यंत जातो. अशा चौकीसाठी माणूस निवडून पाठवतात, आणि त्यांची निवड शारीरिक क्षमता आणि मनाचा खंबीरपणा पाहूनच झाली होती.

ही क्षमता एका दिवसात तपासून होत नाही. भारतीय सैन्यात उंचीवर जाणाऱ्या प्रत्येकाला तीन टप्पे पार करावे लागतात. ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, १२,००० ते १५,००० फुटांवर चार दिवस, त्याहून वर पुन्हा चार दिवस. प्रत्येक टप्प्यात आधी विश्रांती, मग हलकं चालणं, मग चढ. टप्पा ओलांडण्यापूर्वी डॉक्टर तपासतात. हे वेळापत्रक फार किंमत मोजून हाती आलं आहे. १९६२ च्या युद्धानंतरच्या काळात सपाट प्रदेशातल्या जवानांना थेट उंचीवर नेलं गेलं आणि त्यांतले अनेक जण श्वास कोंडून आजारी पडले. डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. पर्वतीय आजारावर जगभर आजही त्याचा हवाला दिला जातो. फुफ्फुसात पाणी भरण्याच्या ज्या आजाराला सैन्यात सगळे 'हापो' म्हणतात, त्याची ओळख भारतीय डॉक्टरांना अशाच रुग्णांच्या उशाशी झाली.

त्या दहा जणांत एक जण सैन्याच्या वैद्यकीय शाखेचा होता : सातारा जिल्ह्यातल्या मस्करवाडीचे शिपाई सुनील सूर्यवंशी, नर्सिंग असिस्टंट. अशा चौकीवर डॉक्टर नसतो. नर्सिंग असिस्टंट हाच तिथला दवाखाना. सकाळी कुणाचं डोकं दुखतंय, कुणाला रात्री झोप लागली नाही, कुणाच्या बोटांची टोकं पांढरी पडलीत, हे तोच पाहतो आणि खाली वायरलेसवर कळवतो. ३ फेब्रुवारीच्या सकाळी बर्फाने चौकीसोबत हा दवाखानाही गिळला. म्हणून पुढे जे काही करायचं ते बाहेरून आणलेल्या माणसांनीच करायचं होतं.

खणणाऱ्यांच्या शेजारी थांबलेले डॉक्टर

सुमारे ८०० फूट लांब आणि ४०० फूट उंच असा बर्फाचा कडा सुटून चौकीवर पडला होता. खाली काँक्रीटसारखे कठीण बर्फाचे थर. दीडशेहून अधिक जवान, डॉट आणि मिशा नावाचे दोन कुत्रे, खडक फोडणारी ड्रिल यंत्रं, विजेच्या करवती, बर्फाच्या आत पाहणारी रडार, असं सगळं तिथे आलं. दिवसा उणे २५, रात्री उणे ४५. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ४७ टक्के असतो. चार पावलं चालून थांबावं लागतं, तिथे ही माणसं अखंड खणत होती.

खणायला माणसं पाठवणं स्वाभाविक होतं. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो तो दुसरा निर्णय : डॉक्टरांची पथकं तिथेच, खड्ड्याशेजारी, दिवसचे दिवस बसवून ठेवण्याचा. आल्प्समधल्या नोंदी सांगतात की हिमस्खलनात गाडलेल्यांपैकी पहिल्या पंधरा-अठरा मिनिटांत बाहेर काढलेले दहातले नऊ वाचतात. पस्तीस मिनिटांपर्यंत हे प्रमाण एक तृतीयांशावर घसरतं. त्यानंतर वाचतो तो फक्त ज्याच्या नाकातोंडापुढे हवेची पोकळी राहिली तो. हे आकडे ठाऊक असलेल्या कुणीही तिसऱ्या दिवशी म्हटलं असतं, डॉक्टर खाली बोलवा, मृतदेह काढायला त्यांची गरज नाही. शिवाय तिथे बसलेल्या प्रत्येक माणसाचं अन्न, इंधन आणि ऑक्सिजन हेलिकॉप्टरनेच वर न्यावं लागतं. तरीही त्यांना ठेवलं गेलं. ८ तारखेला हनुमंतप्पा दिसले तेव्हा डॉक्टर काही पावलांवर होते.

हनुमंतप्पांभोवती हवेची पोकळी राहिली असणार, एवढं नक्की म्हणता येतं. त्याशिवाय इतका काळ जगणं शक्य नाही. शिवाय बाहेर उणे ४५ असताना बर्फाच्या पोटातलं तापमान त्याहून बरंच सौम्य असतं आणि तिथे वारा नसतो. ज्या बर्फाने त्यांना कोंडलं त्यानेच वाऱ्यापासून राखलं. दिल्लीत तपासलं तेव्हा त्यांच्या अंगावर हिमदंश नव्हता आणि एकही हाड मोडलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळचं निदान

सैन्याच्या पहिल्या निवेदनात त्यांची जागेवरची अवस्था एका ओळीत आहे : तीव्र निर्जलीकरण, शरीराचं तापमान उतरलेलं, रक्तात ऑक्सिजन कमी, साखर कमी, आणि शॉक, म्हणजे रक्तदाब कोसळून अवयवांना पुरेसं रक्त न पोहोचणं. या पाच गोष्टी वेगवेगळ्या नाहीत. प्रत्येक दुसरीला वाढवते, आणि एकीचा उपचार चुकीच्या घाईने केला तर दुसरी जीव घेते.

पाणी आधी पाहू. थंडीत हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त शरीराच्या मध्याकडे जातं, मूत्रपिंडांना वाटतं पाणी जास्त झालंय आणि ती लघवी वाढवतात. त्यात कोरड्या हवेत प्रत्येक उच्छ्वासाबरोबर ओल जाते. पाच दिवस तोंडात घोट नाही. आणि जो माणूस महिनोन्‌महिने उंचीवर राहिला आहे त्याच्या रक्तात तांबड्या पेशी मुळातच वाढलेल्या असतात, कारण कमी ऑक्सिजनशी जुळवून घेण्याचा शरीराचा तोच मार्ग. अशा रक्तातलं पाणी आटलं की ते दाट होतं आणि गुठळी धरायला तयार असतं. शिरेतून पाणी द्यायला हवं हे उघड आहे. पण उणे तीस-चाळीस अंशांत सलाईनची पिशवी उघड्यावर राहिली तर नळीतच गोठते, आणि थंडगार सलाईन दिलं तर उरलेली ऊब तेच काढून घेतं. निवेदनात 'गरम सलाईन' असे दोन साधे शब्द आहेत. त्या दोन शब्दांसाठी त्या उंचीवर किती खटाटोप करावा लागला असेल, हे कुणीही थंडीत एखादी पाण्याची बाटली बाहेर ठेवून पाहावं म्हणजे कळेल.

मग ऊब. आपल्याकडे थंडीने काकडलेल्या माणसाला काय करतात? हातपाय चोळतात, शेकोटीजवळ बसवतात, गरम चहा पाजतात. मायेने करतात, आणि नेहमीच्या थंडीत त्याने बरंही वाटतं. पण शरीराचा गाभाच थंड झालेल्या, गुंगीतल्या माणसाला या तिन्ही गोष्टी घातक आहेत. हातपाय शेकले की तिथल्या आकसलेल्या वाहिन्या एकदम उघडतात. तिथे साचलेलं थंड, आम्लयुक्त, पोटॅशियम वाढलेलं रक्त हृदयाकडे धावतं. रक्तदाब कोसळतो आणि थंड पडलेलं हृदय ताल सोडतं. नुसतं दांडगाईने उचललं तरी ताल सुटू शकतो. चहा घशाखाली न जाता फुफ्फुसात जातो. म्हणून डॉक्टरांनी सावकाशीचा मार्ग धरला : कोरड्या उबदार आवरणात गुंडाळणं, गरम सलाईन, आणि गरम, दमट केलेला ऑक्सिजन. ऑक्सिजन दमट आणि गरम का, तर श्वासावाटे शरीरातली ऊब सतत बाहेर जात असते. ती गळती थांबली की शरीर आपली ऊब आपण राखू लागतं. साखरही शिरेतूनच द्यावी लागते. थंडीत कुडकुडून स्नायूंनी आणि यकृताने साठवलेली साखर संपलेली असते, आणि साखर नसेल तर शरीर कुडकुडूही शकत नाही.

हेलिकॉप्टर रात्री का नाही

हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. माणूस संध्याकाळी सापडला, मग सकाळपर्यंत का थांबलात?

सियाचीनवर हवाई दलाचं हेलिकॉप्टर पहिल्यांदा उतरलं ऑक्टोबर १९७८ मध्ये. ते चेतक होतं. एप्रिल १९८४ मध्ये सियाचीन ताब्यात घेण्याची मोहीम, ऑपरेशन मेघदूत, सुरू झाल्यापासून तिथलं जगणं हेलिकॉप्टरवर उभं आहे. सर्वांत वरच्या चौक्यांवर जाणारं मुख्य यंत्र म्हणजे चीता आणि त्याचा नवा इंजिन बसवलेला भाऊ चीतल. चीता ज्या फ्रेंच लामा हेलिकॉप्टरवरून भारतात बनवलं गेलं, त्याच लामाने १९७२ मध्ये १२,४४२ मीटरचा उंचीचा विक्रम केला होता. पण विक्रम रिकाम्या यंत्राने होतो. २०,००० फुटांच्या आसपास हवेची घनता समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जवळ येते, पात्यांना पकडायला हवाच कमी, आणि इंजिनाची ताकदही त्याच प्रमाणात घटलेली. अशा ठिकाणी ओझं किलोकिलोने मोजतात. रुग्णासोबत एक डॉक्टर बसवायचा तर तेवढं इंधन कमी न्यायचं, आणि इंधन कमी म्हणजे उतरण्याचा प्रयत्न फसला तर पुन्हा फिरायला वेळ नाही. हनुमंतप्पांसोबत एक तज्ज्ञ डॉक्टर बसवला गेला. ती जागा सहज मिळालेली नव्हती.

वैमानिकाचं शरीर हा या हिशेबातला दुसरा भाग, आणि त्याकडे लोकांचं फार कमी लक्ष जातं. चौकीवरचा जवान टप्प्याटप्प्याने चढलेला असतो. वैमानिक मात्र लेह किंवा थोइस या हवाई तळांवरून, म्हणजे सुमारे १०,००० फुटांवरून उठतो आणि तासाभराच्या आत त्याच्या दुप्पट उंचीवर असतो. त्याच्या शरीराला जुळवून घ्यायला वेळच नाही. ऑक्सिजनचा मुखवटा निसटला तर मोजक्या मिनिटांत त्याचा निर्णय बिघडतो, आणि या अवस्थेचा खरा धोका असा की त्याला स्वतःला छान, हलकं, आत्मविश्वासाने भरलेलं वाटत असतं. म्हणून बंगळुरूच्या एअरोस्पेस मेडिसिन संस्थेत वैमानिकांना कमी दाबाच्या कक्षात बसवून आपापली लक्षणं ओळखायला शिकवतात : कुणाला आधी बोटं झिणझिणतात, कुणाची नजर अरुंद होते, कुणाला सोपी बेरीज जमत नाही. ही संस्था १९५७ पासून हे काम करते आहे. ऑक्सिजन कमी पडला की सर्वांत आधी जाते ती रात्रीची नजर. ५,००० फुटांपासूनच ती मंदावू लागते. आता यात बर्फाचा पांढरा उतार, चंद्रप्रकाशात न कळणारी खोली, पात्यांच्या वाऱ्याने उडणारा भुगा आणि जेमतेम यंत्र मावेल एवढी उतरण्याची जागा मिळवा. तिथे रात्री उतरणं म्हणजे एका रुग्णासाठी दोन वैमानिक आणि यंत्र पणाला लावणं. ते अपघातात गेले असते तर रुग्णाची सकाळही गेली असती. तो निर्णय मला बरोबर वाटतो. सकाळची थंड हवा दाट असते, पात्यांना जरा जास्त उचल मिळते, आणि दुपारचा वारा सुटलेला नसतो. सियाचीनची उड्डाणं पहाटेपासून दुपारच्या आत उरकण्याची रीत याचमुळे पडली.

म्हणून ती रात्र डॉक्टरांनी तिथेच काढली. तंबूत, १९,६०० फुटांवर, अतिदक्षता विभाग चालवला. सकाळी उड्डाण झालं तेव्हा त्यांचा रुग्ण जिवंत होता.

खाली येताना

९ फेब्रुवारीला हेलिकॉप्टरने सियाचीनचा बेस कॅम्प, तिथून थोइसचा हवाई तळ, तिथून हवाई दलाच्या विमानाने दिल्लीचा पालम विमानतळ. विमानात हवाई दलाचा अतिदक्षता तज्ज्ञ आणि बेस कॅम्पचा वैद्यकीय तज्ज्ञ असे दोघे सोबत होते.

हवाई रुग्णवहनाची पुस्तकं बहुधा उलट्या प्रवासासाठी लिहिलेली असतात. रुग्ण जमिनीवरून वर जातो, विमानात हवेचा दाब उतरतो, शरीरात अडकलेली हवा फुगते, ऑक्सिजन घटतो. इथे सगळं उफराटं होतं. बेस कॅम्पला दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६४ टक्के, थोइसला ६९. दाब राखलेलं विमान आकाशात असलं तरी त्याच्या आतली हवा साधारण ८,००० फुटांइतकी, म्हणजे थोइसच्या धावपट्टीपेक्षाही दाट. प्रत्येक टप्प्यावर त्यांच्या छातीत जास्त ऑक्सिजन जात होता. उंचीच्या आजारात खाली आणणं हाच पहिला उपचार आहे, आणि हा उपचार त्यांना प्रवासातच मिळत गेला. हेलिकॉप्टरमध्ये मात्र दाब राखलेला नसतो. थरथर आणि आवाज इतका की स्टेथोस्कोप निरुपयोगी, बोटाला लावलेलं यंत्र थंड बोटावर नाडी पकडत नाही. तिथे डॉक्टर रुग्णाच्या चेहऱ्याकडे, श्वासाकडे आणि ओठांच्या रंगाकडे पाहत राहतो.

दिल्ली

आर्मी हॉस्पिटल, रिसर्च अँड रेफरलमध्ये पोहोचले तेव्हा हनुमंतप्पा कोमात होते, रक्तदाब अतिशय कमी होता. न्यूमोनिया झाला होता, यकृत आणि मूत्रपिंडं बिघडली होती. श्वासमार्ग सुरक्षित राहावा म्हणून त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवलं गेलं. पहिल्याच निवेदनात डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं होतं की शरीर उबदार होताना आणि थंड भागांत रक्त परतताना पुढचे २४ ते ४८ तास वादळी असतील. मोठ्या आशेच्या वातावरणात एवढं प्रामाणिक निवेदन काढल्याबद्दल मला त्या डॉक्टरांविषयी आदर वाटतो.

वर शुद्धीत असलेला माणूस खाली कोमात पोहोचला, मग प्रवासाने त्यांना मारलं का? मला तसं वाटत नाही. १० तारखेच्या सीटी स्कॅनमध्ये मेंदूला ऑक्सिजनअभावी झालेली इजा दिसली आणि न्यूमोनिया दोन्ही फुफ्फुसांत होता. या गोष्टी काही तासांच्या उड्डाणात घडत नाहीत. त्यांची मुळं बर्फाखालच्या दिवसांत आहेत. उपाशी, तहानलेल्या, कोंडलेल्या हवेत श्वास घेणाऱ्या पेशी कशाबशा तग धरून होत्या. रक्त परत वाहू लागलं तेव्हा त्यांतल्या अनेक आधीच हाताबाहेर गेल्या होत्या, आणि परतलेल्या रक्ताने त्यांचं विष सगळीकडे नेलं. पुढे रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडली, रक्तघटक देऊनही सावरली नाही. डायलिसिस चालू होतं. औषधांनी रक्तदाब वर येईना. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी सकाळी ११.४५ वाजता त्यांचं निधन झालं. वय ३३ होतं.

नॉर्वेत १९९९ मध्ये ॲना बोगनहोल्म ही डॉक्टर स्कीइंग करताना ओढ्यावरच्या बर्फाखाली अडकली होती. तिच्या शरीराचं तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरलं, हृदय थांबलं, आणि हेलिकॉप्टरने ट्रोम्सोला नेऊन तिचं रक्त शरीराबाहेरच्या यंत्रातून गरम केल्यावर ती वाचली. अनेकांना हे उदाहरण आठवून हनुमंतप्पांबद्दल आशा वाटली असेल. फरक एवढाच की ती वेगाने गार झाली. ऑक्सिजन संपण्याआधीच तिच्या मेंदूची भूक मंदावली होती. हनुमंतप्पांचा मेंदू बराच काळ ऊब राखून, भुकेला राहून, अपुऱ्या हवेवर जगला. थंडी दोघांना लागली, पण ती कधी आणि किती वेगाने लागली यावर सगळं ठरलं.

१९८४ पासून २०१५ च्या अखेरपर्यंत सियाचीनवर ८६९ भारतीय सैनिकांचा जीव गेला, आणि फार मोठ्या संख्येने तो थंडीने, उंचीने आणि बर्फाने घेतला. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांत या दहा जणांची भर पडली.

हनुमंतप्पांना ज्या सकाळी वरून उचललं ती सकाळ निवळलेली होती. बाकीच्या नऊ जणांचे मृतदेह बर्फातून काढून झाले, पण नंतर हवामान बिघडलं आणि हेलिकॉप्टर वर जाऊ शकेना. ते तिथेच काही दिवस थांबले. मग आकाश उघडलं, त्यांना बेस कॅम्पला आणि तिथून दिल्लीला आणलं, आणि प्रत्येकाची शवपेटी आपापल्या राज्यात गेली. नर्सिंग असिस्टंट सुनील सूर्यवंशी मस्करवाडीला पोहोचले.